पोळ्याचा पाऊस आणि अंगणातली मर

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत आमच्या घराभोवती गुंठाभर मोकळी जागा आहे. त्यात झुडपंच जास्त: तीन जास्वंदी, कंपाउंडच्या कडेनं तगर, मोगऱ्याचा ताटवा, थोडे गावठी गुलाब, फाटकाशी कण्हेर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही नळाचा भरवसा नव्हता. भांडी विसळलेल्या पाण्यावर ही झाडं तगली. तीच झाडं २०२४ च्या सप्टेंबरात, भर पावसाळ्यात, आठवड्याच्या आत माना टाकायला लागली. पुढं काय केलं, कुठं गेले, किती पैसे लागले हे लिहून ठेवतेय. कारण शोधायला बसलं की एक तर थंड हवेतल्या बागांची माहिती मिळते, नाही तर सोयाबीन-कपाशीची. काळ्या मातीतल्या अंगणाबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

१ आणि २ सप्टेंबरचा पाऊस परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. २ तारखेला पोळा होता. पाटावर मातीचे बैल मांडून पूजा केली, खऱ्या बैलांची वाट कुणी पाहिली नाही. अंगणात पाणी साचलं होतं आणि पाऊस थांबल्यावरही ते दोन दिवस तसंच होतं. घरात पाणी शिरलं नाही याचंच समाधान एवढं, की झाडांकडं बघायला कुणाला सवड होती!

७ तारखेला गणपती. सकाळी लाल फुलं काढायला गेले तर मधल्या जास्वंदीची सगळी पानं खाली लोंबत होती. पिवळी नव्हती, गळालेली नव्हती. हिरवीगार, पण जीव नसल्यासारखी. फुलं मात्र होती, ती काढली. गौरी आल्या त्या दिवशी, १० तारखेला, तिच्या शेजारची जास्वंद तशीच झाली. मोगरा पिवळा पडला होता. तगरीची कोवळी पानं तर इतकी फिकी झाली, की शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं सगळं लिंबासारखं. मधली जास्वंद सासूबाईंनी लावलेली. हे दोनदा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.

गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं काही ना काही सांगितलं. वाळवी असेल, मीठ-मिरच्या ओवाळा, ताक ओता, भरपूर पाणी द्या. हे शेवटचं जरा जपून ऐका. मान टाकलेलं झाड तहानेलं दिसतं खरं, पण मुळं कुजली असतील तरी ते अगदी तसंच दिसतं, कारण पाणी वर चढवायला मुळंच उरलेली नसतात. बोट मातीत खुपसून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर झाडाला पाणी नको आहे.

औषधाच्या दुकानात गेले. मोबाइलवरचा फोटो बघून त्यानं एक टॉनिक, एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक काउंटरवर मांडलं. साधारण बाराशे रुपये. मुळं कशी आहेत हे त्यानं विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं. "आधी कुणाला तरी दाखवून येते," म्हणून परत फिरले. पुढं कळलं, की बुरशी-बुरशीतही फरक असतो. कार्बेन्डाझिम फ्युजेरियमसारख्या बुरशीवर चालतं, पण पिथियम, फायटोप्थोरा या पाण्यातून पसरणाऱ्या जातींवर त्याचा उपयोग नाही. तिथं मेटॅलॅक्झिलसारखं औषध लागतं. म्हणजे रोग कळल्याशिवाय पुडी घेणं हा निव्वळ जुगार.

दुसऱ्या दिवशी खुरपायला येणाऱ्या मावशींनी मधल्या जास्वंदीच्या बुडाशी माती सारली. चार बोटं खाली गेल्यावर गटारीसारखा वास आला. "बाई, मुळ्या सडायल्यात की वो," त्या म्हणाल्या. त्यांनी एक बोटाएवढं मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत पांढुरका दोरा उरला. बुंध्याची साल नखानं खरवडली. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत आत तपकिरी, त्याच्या वर हिरवी. शेजारच्या जास्वंदीची मुळं काळसर होती, पण साल सुटत नव्हती. मोगऱ्याच्या मुळांवर तर वेगळंच काही होतं: बारीक गाठी, राजगिऱ्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी नखानं सुटून येतात. या सुटत नव्हत्या. मूळच तिथं सुजलं होतं.

किसान कॉल सेंटरला फोन केला. १८००-१८०-१५५१, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा, तालुका, गाव, पीक अशी विचारणा झाली. "पीक" म्हटल्यावर मी जरा अडखळले, मग जास्वंद सांगितलं. पलीकडचा मुलगा हसला नाही, हे विशेष. त्यानं सांगितलं, की फोनवर नक्की निदान होणार नाही, कृषी विज्ञान केंद्राला नाही तर परभणीच्या विद्यापीठात नमुना घेऊन जा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दरवर्षी १८ मेच्या मेळाव्याला गावातून गाड्या जातात. तिथं अंगणातलं झाड घेऊन जाता येतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

लगेच जाता आलं नाही. १५ ला रविवार, १६ ला ईद, १७ ला मुक्तिसंग्राम दिन आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. तोवर शेजारच्या जास्वंदीचा शेंडा वाळला. हे दिवस फार वाईट गेले. झाड डोळ्यांदेखत जातंय आणि आपण कार्यालय उघडायची वाट बघतोय.

नमुना कसा न्यायचा हे बी.एस्सी. कृषी करणाऱ्या भाच्यानं फोनवर समजावलं, ते इथं देते. पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या बुरश्याच सापडतात. अर्धवट आजारी असलेलं न्या. ओढून उपटलं तर कुजलेली मुळं मातीतच राहतात, म्हणून बाजूनं खणून मातीच्या गड्ड्यासकट काढा. मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पानं वेगळ्या कोरड्या कागदात. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून नेलं तर वाटेतच सगळं शिजतं. झाड मोठं असेल तर आजारी आणि निरोगी भाग जिथं मिळतो, तो तुकडा हवाच. आणि एका कागदावर लिहा: झाड किती वर्षांचं, पाणी कधी साचलं, आधी कोणतं झाड गेलं, काय काय फवारलं.

गुरुवारी, १९ तारखेला, सकाळच्या गाडीनं परभणीला गेले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात चार झाडांचे नमुने. डब्यात एकानं विचारलं, "हळद का?" म्हटलं, जास्वंद. तो खिडकीबाहेर बघायला लागला. स्टेशनवरून ऑटोनं विद्यापीठ, तिथं विचारत विचारत वनस्पती रोगशास्त्र विभाग. रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाइल, पीक लिहायचं. माझ्या वरच्या ओळींत सोयाबीन, कपाशी, हळद, परत कपाशी होतं.

तिथल्या मॅडम माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असतील. पोतं उघडल्यावर त्यांनी मधल्या जास्वंदीचा तुकडा बाजूला ठेवला. "काकू, ही गेली. मला अजून न गेलेली दाखवा." मग मुळं धुतली, भिंगाखाली धरली, बुंधा उभा चिरला. आतून तपकिरी रेषा वर चढत गेलेली दिसत होती. ती मी एकटीनं पाहिली असती तर लाकडाचा रंग समजले असते.

जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, हे त्यांच्याकडून कळलं. पिठ्या ढेकूण ही कीडही दोघींवर पडते. त्या आठवड्यात त्यांच्याकडं कपाशीच्या आकस्मिक मरीच्या तक्रारींची रांग होती. त्यात बुरशी नसतेच. साचलेल्या पाण्यानं मुळांची हवा तुटते आणि झाड दिवस-दोन दिवसांत मलूल होतं. कपाशीला त्या २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात मिसळून आळवणी करायला, म्हणजे बुंध्याशी ओतायला सांगतात. मी वही काढली, तर म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी नाही. कपाशीला चार महिने काढायचेत. तुमच्या झाडाला मुळंच नाहीत, त्याला युरिया देऊन काय करणार?" मला ते पटलं.

मग त्यांनी विचारलं, "पूर्वी एवढा पाऊस झाला तेव्हा पाणी कुठून निघून जायचं?"

पूर्वी ते शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून जायचं. त्या प्लॉटवर मे महिन्यात बांधकामासाठी दोन-अडीच फूट मुरमाचा भराव पडला होता. आमचं अंगण त्या दिवसापासून खोलगट ताट झालं होतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं, फक्त झाडांशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता.

मुळाचे बारीक तुकडे निर्जंतुक करून बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर ठेवायचे आणि काय उगवतं ते पाहायचं, याला आठवडा लागतो. २७ तारखेला फोन आला. तीन झाडांची तीन उत्तरं. शेजारच्या जास्वंदीच्या मुळांत फ्युजेरियम, म्हणजे मर रोगाची बुरशी. चिबडलेल्या मातीत कमजोर पडलेल्या मुळांत ती शिरली होती. मोगऱ्यावर सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर गाठी करणारे अगदी बारीक कृमी, तेही जुने. पावसानं त्याला फक्त शेवटचा धक्का दिला. तगरीत रोग काहीच नाही. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यानं कोवळी पानं पिवळी पडतात. मी घरी एकच रोग धरून बसले होते आणि दुकानातून एकच औषध आणून सगळ्यांवर मारलं असतं, तर निम्म्या झाडांना त्याचा काही उपयोग नव्हता. सगळं एकाच आठवड्यात झालं म्हणजे सगळ्यांचं कारण एकच असतं, असं नाही.

माती तपासून घ्या, असंही सांगितलं होतं. त्यासाठी आधी वाफसा यावा लागतो, म्हणजे चिखल जाऊन माती मोकळी व्हावी लागते. तो नवरात्राच्या सुमारास आला. इंग्रजी व्हीसारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढायची, चार-पाच ठिकाणची एकत्र करून सावलीत वाळवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. प्रयोगशाळेचा अर्ज शेतकऱ्यांसाठी केलेला. गट क्रमांकापुढं मी मालमत्ता क्रमांक लिहिला, पिकापुढं "फुलझाडे", क्षेत्रापुढं ०.०१ हेक्टर. तिथल्या बाबूनं अर्ज वर-खाली पाहिला आणि शिक्का मारला. फी अडीचशेच्या आत, पावती जपून ठेवा. पंधरा दिवसांत अहवाल मिळेल म्हणाले होते, पण मध्ये दिवाळी आली, मग २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक. माणसं निवडणुकीच्या कामाला गेलेली. अहवाल डिसेंबरात हातात पडला. सामू (पीएच) ८.३, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब कमी. म्हणजे आमच्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनींसारखाच.

अहवालासाठी आम्ही थांबलो नाही. पाण्याची वाट करणं आधी होतं आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलणं. मला त्याचंच दडपण जास्त होतं. भांडायला गेलोय असं वाटू नये म्हणून हे दसऱ्याचं सोनं द्यायला गेले तेव्हा मीही बरोबर गेले. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या बाजूनं पाणी काढलं तर माझा पाया भिजंल." त्यांचंही खरंच होतं. शेवटी ठरलं, की आमच्याच भिंतीच्या कडेनं चर खणायचा आणि पाणी रस्त्याच्या नालीत सोडायचं. चरात टाकायला विटांचे रोडे आणि उरलेली खडी त्यांनी दिली.

गवंडी दादांनी पाण्याची नळी लावून उतार काढला. दीड फूट खोल चर, तळाशी खडी, त्यावर भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप, त्याला शेडनेटचा दुहेरी तुकडा गुंडाळलेला, वर रोडे आणि पुन्हा खडी. भोकं खालच्या बाजूला ठेवायची म्हटल्यावर दादा हसले. "पाणी वरून येतं ताई, खालून नाही." पण चरात पाणी तळापासून चढतं आणि खालच्या भोकांतून लगेच पाइपात शिरतं. भोकं वर असती तर पाइप बुडेपर्यंत पाणी तिथंच राहिलं असतं. हे त्यांना बादलीत पाइपाचा तुकडा धरून दाखवावं लागलं. पाइप, खडीचा टेम्पो, मजुरी, मुरूम-शेणखत धरून साडेसात हजारांच्या आसपास गेले. तपासणी, प्रवास, औषधं सगळं मिळून दीड हजारसुद्धा झालं नाही.

दादांचं दुसरं म्हणणं होतं, की झाडाच्या जागी खड्डा करून त्यात मुरूम भरू. ते मी करू दिलं नाही, कारण मॅडमनी मुद्दाम बजावलं होतं. चिकण काळ्या मातीत मुरमाचा खड्डा केला तर चहूबाजूचं पाणी त्यातच येऊन बसतं, म्हणजे झाडाखाली हौद बांधल्यासारखं. झाड खाली नाही, वर न्यायचं. काळी माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन फूटभर उंचीचा गादीवाफा करायचा आणि त्यावर लावायचं. तुमच्याकडं निचरा कसा आहे बघायचं असेल तर फूटभर खोल खड्ड्यात संध्याकाळी बादलीभर पाणी ओता. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी दुपारीही त्यात पाणी होतं.

मधली जास्वंद खणून काढली. तिला कंपोस्टमध्ये टाकलं नाही, वाळवून जाळली, कारण फ्युजेरियम मातीत वर्षानुवर्षं राहतं. त्याच जागी पुन्हा जास्वंद लावलेली नाही. शेजारची एक तृतीयांश छाटली, म्हणजे उरलेल्या थोड्या मुळांवर कमी पानांचा भार. कॉपर ऑक्सिक्लोराइड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात, बुंध्याशी आळवणी. त्यानंतर पंधरवड्याचं अंतर ठेवून विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या उपयोगी बुरश्यांचं मिश्रण. दोन्ही एकदम दिलं तर तांबं बायोमिक्समधल्या उपयोगी बुरश्यांनाही मारतं. बायोमिक्स रोगशास्त्र विभागच तयार करतो, पण हंगामात संपलेलं असतं, तेव्हा आधी फोन करून जा. तगरीला लोहासाठी ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल लिटरभर पाण्यात घेऊन उन्हं उतरल्यावर फवारलं. मातीत टाकलेलं हिराकस चुनखडीत अडकून पडतं, म्हणून पानांवरच. दुसऱ्या फवारणीनंतर नवी पानं हिरवी आली.

जास्वंदीचं काही सांगता येत नव्हतं. नोव्हेंबरभर ती नुसत्या काड्या होती. दर दोन-चार दिवसांनी मी नखानं साल खरवडायचे, हे ओरडायचे की अशानंच मरेल. डिसेंबरात बुंध्यालगत दोन कोंब आले. तिसऱ्या जास्वंदीला काही झालंच नव्हतं, ती ओट्याच्या उंचवट्यावर आहे. तिच्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्या फेब्रुवारीत लावून चार रोपं धरली आणि २०२५ च्या जूनमध्ये गादीवाफ्यावर लावली.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं केलेला कहर आपण सगळ्यांनी पाहिला. शेतं वाहून गेली, तिथं अंगणातल्या झाडांचं काय सांगायचं! पण विचारणाऱ्यांसाठी सांगते: चरातून पाणी जात राहिलं, अंगणात ते रात्रभरही थांबलं नाही आणि नवी रोपं टिकली. नालीच्या तोंडाशी गाळ साचतो, तो पावसाळ्यात दर आठवड्याला काढावा लागतो. पाइप आहे म्हणून निवांत बसता येत नाही.

मोगऱ्याचं मात्र अजून काही खरं नाही. ताटव्यात निंबोळी पेंड घातली, दोन हंगाम झेंडू लावला. त्याच्या मुळांतून सुटणाऱ्या द्रव्यानं सूत्रकृमी कमी होतात, आणि दसऱ्याला फुलंही विकत आणावी लागली नाहीत. तरी कळ्या पूर्वीच्या निम्म्याही नाहीत. येत्या छाटणीला एक बुंधा खणून गाठी मोजणार आहे. कमी झाल्या नसतील तर ताटवा काढून नवी कलमं कुंडीत, बाहेरून आणलेल्या मातीत लावेन. कलम घेताना मूळ धुऊन दाखवा, असं नर्सरीवाल्याला म्हणायचं ठरवलंय. तो काय म्हणतो बघू.